आजोबांच्या डब्यातील नऊ पदके : कोणाची, कशाबद्दल, आणि पुढचा शोध कसा घ्यावा?

धागालेखिका

नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, एवढेच आम्हा नातवंडांना ठाऊक आहे. ते वारले तेव्हा मी चार वर्षांची होते. वडिलांनी त्यांचा एक पत्र्याचा डबा आयुष्यभर कपाटात जपून ठेवला, पण त्यातील वस्तूंबद्दल ते कधी फारसे बोलले नाहीत. वडील गेल्यानंतर तो डबा माझ्याकडे आला आणि गेल्या आठवड्यात मी तो प्रथमच नीट उघडून पाहिला.

डब्यात एकूण नऊ पदके आहेत. त्यांपैकी पाच सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची असून पिवळसर धातूची आहेत. प्रत्येक ताऱ्याच्या मध्यभागी मुकुट, काही गुंफलेली अक्षरे आणि त्यांभोवती इंग्रजीत नाव आहे. दोन ताऱ्यांवर '१९३९-१९४५' असे आहे आणि उरलेल्या तिघांवर अनुक्रमे आफ्रिका, इटली आणि बर्मा असे आहे. दोन गोल, चांदीसारखी दिसणारी पदके एकमेकांसारखी तंतोतंत आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला एका प्राण्यावर पाय रोवून उभा असलेला सिंह आहे. आणखी एका गोल पदकावर हिंदुस्थानचा नकाशा आहे. शेवटचे तिरंगी फितीचे असून त्यावर अशोकचक्र आहे. ते स्वातंत्र्याच्या वेळचे स्मृतिनाणे असावे असे आम्ही समजत आलो. यांशिवाय बिगुलाच्या आकाराची एक छोटी पितळी पिन आहे.

घरात अशी समजूत आहे की आजोबांना राजाकडून दोनदा शौर्यपदक मिळाले, म्हणूनच एकसारखी दोन पदके आहेत. माझा मुलगा शाळेत त्यांच्याविषयी बोलणार आहे आणि त्याने जे सांगावे ते खरे असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ही पदके नेमकी कशाबद्दल दिली जात, त्यांवरून आजोबा कोठे लढले हे कळू शकेल का, आणि त्यांच्या नोकरीची कागदपत्रे आज कोठे मिळतील, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. त्यांचे नाव मी येथे देत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

प्रतिसाद १ : पदकसंग्राहक

ताई, आपण वर्णन इतके काटेकोर केले आहे की छायाचित्रांवाचूनही बरेच सांगता येते. प्रथम जे सांगणे मला भाग आहे ते सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. आपण वर्णन केलेल्या नऊ पदकांत शौर्यपदक एकही नाही. ही सर्व सेवापदके अथवा मोहीमपदके आहेत, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक रणक्षेत्रात असणाऱ्या प्रत्येकाला, शिपायापासून सेनापतीपर्यंत, एकाच साच्यातील मिळालेली. यामुळे आजोबांचे मोल कमी होत नाही. मात्र 'शौर्याबद्दल' हा शब्द मुलाच्या भाषणातून आत्ताच काढून ठेवावा, असे सुचवतो.

ताऱ्यांच्या मध्यभागी दिसणारी गुंफलेली अक्षरे राजा सहावा जॉर्ज याची आहेत. '१९३९-१९४५ तारा' साधारणपणे रणक्षेत्रातील सहा महिन्यांच्या सेवेबद्दल दिला जाई. आफ्रिका ताऱ्याचा काळ १० जून १९४० ते १२ मे १९४३ असा आहे आणि त्यात उत्तर आफ्रिकेबरोबर एरिट्रिया व ॲबिसिनियाही (आजचा इथिओपिया) येतात, ही गोष्ट आपल्याकडील कुटुंबांच्या लक्षात सहसा येत नाही. इटली तारा ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातील आहे आणि बर्मा तारा ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातील. सिंहाचे गोल पदक हे 'युद्धपदक १९३९-४५' होय. ते चांदीचे नसून तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे असते आणि पूर्ण वेळ सेवेतील कोणाही सैनिकाला केवळ २८ दिवसांच्या नोकरीवर मिळत असे. सिंहाच्या पायाखालचा प्राणी म्हणजे दोन तोंडांचा ड्रॅगन आहे. नकाशाचे पदक हे 'इंडिया सर्व्हिस मेडल'. ते फक्त हिंदुस्थानी सैन्यदलांसाठी, प्रत्यक्ष रणक्षेत्राबाहेरील तीन वर्षांच्या सेवेबद्दल होते.

आता मुख्य मुद्दा. युद्धपदक एका माणसाला एकच मिळते. '१९३९-१९४५ तारा'ही एकच. दोन पराक्रमांबद्दल दोन युद्धपदके, असा प्रकार त्या व्यवस्थेत नव्हता. आपल्या डब्यात दोन्हींच्या जोड्या आहेत. याचा सरळ अर्थ असा की त्या डब्यात दोन सैनिकांची पदके एकत्र झालेली आहेत. आजोबांचे कोणी बंधू, मेहुणे किंवा जावई फौजेत होते का?

आणि एक विनंती. ते तिरंगी फितीचे पदक स्मृतिनाणे समजून बाजूला ठेवू नका. ते १९४७ चे भारतीय स्वातंत्र्य पदक असावे. दुसऱ्या महायुद्धातील तारे आणि युद्धपदके बहुधा नाव न कोरताच दिली गेली, त्यामुळे ती मुकी असतात. स्वातंत्र्य पदकाच्या कडेवर मात्र सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेली आढळते. खोलीतील दिवा मालवून टॉर्च कडेला अगदी आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवत वाचा.

प्रतिसाद २ : संग्रहालयात काम करणारी

वरील सूचनेत एवढीच भर घालते की वाचण्याच्या ओढीने पदक घासू नये. पितळ चकचकीत करण्याची द्रव्ये, चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. कडेवरील अक्षरे उथळ असतात आणि एका पिढीने हौसेने केलेल्या सफाईत ती कायमची पुसली जातात. माझ्या हाताखालून अशी गुळगुळीत झालेली पदके गेलेली आहेत आणि त्यांच्यासाठी पुढे काहीही करता येत नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, हातमोजे घालावेत, आणि फितींना पाणी लावू नये. ताऱ्यांवर कोठे हिरवट गंज दिसत असेल तर तो तारा इतरांपासून वेगळा ठेवावा. वस्तू हलवण्यापूर्वी त्या डब्यात आहेत तशाच स्थितीत छायाचित्र काढून घ्यावे, म्हणजे कोणते पदक कोणत्या फितीत होते याची नोंद राहील.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे टॉर्च आडवा धरून पाहिले. सुरुवातीला काहीच दिसेना. मग एका विशिष्ट कोनात आल्यावर कडेवर अक्षरे उभी राहिली : आधी एक क्रमांक, मग नाईक या हुद्द्याची दोन इंग्रजी अक्षरे, मग नाव, आणि शेवटी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे संक्षिप्त रूप. मी ते तीनदा वाचले, कारण ते नाव माझ्या आजोबांचे नाही. आडनाव आमचेच, पण नाव त्यांच्या धाकट्या भावाचे आहे.

चुलत आजोबा फौजेत होते हे मला माहीतच नव्हते. आज सकाळी मी आत्याला फोन केला. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, दोघे भाऊ एकापाठोपाठ भरती झाले; थोरला लढाई संपल्यावर लगेच घरी आला आणि धाकटा पुढेही नोकरीत राहिला. धाकट्याच्या बायकोने तो वारल्यानंतर त्याची पदके जपण्यासाठी थोरल्या दिराकडे आणून दिली होती. म्हणजे दोन्ही जोड्यांचा उलगडा झाला. पण आता कोणते पदक कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला आहे.

फितींबद्दल ताईंनी लिहिले म्हणून मुद्दाम पाहिले. ज्या ताऱ्यावर 'इटली' लिहिले आहे तो गडद निळ्या फितीत आहे. फितीच्या मध्ये रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघा आहेत. बर्मा तारा मात्र लाल, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या फितीत आहे. हे बरोबर आहे का?

घरात आजोबांचे गणवेशातील एक छायाचित्र सापडले आहे. छातीवर चार फितींची एकच ओळ आहे, पदके नाहीत. कृष्णधवल असल्याने रंग कळत नाहीत.

प्रतिसाद ३ : पदकसंग्राहक

फिती उलटसुलट झाल्या आहेत. नारिंगी रेघांची निळी-लाल फीत बर्मा ताऱ्याची आहे आणि लाल-पांढरी-हिरवी फीत, इटलीच्या ध्वजाच्या रंगांची, इटली ताऱ्याची. कोणीतरी कधीतरी फिती सुट्या करून पुन्हा ओवल्या आणि तेव्हा अदलाबदल झाली. सगळे तारे एकाच साच्याचे असल्याने हे फार सहज घडते. यातून एक धडा असा की फितीवरून तारा ओळखू नये; ताऱ्याच्या मधल्या वलयातील अक्षरे वाचावीत.

छायाचित्र फार मोलाचे आहे. जुन्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग फिकट उतरत असे, म्हणून छटेवर विसंबू नका. पट्ट्यांची संख्या आणि रुंदी मोजा. छायाचित्र जास्तीत जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन करून त्या ओळीचा भाग येथे लावाल का? चेहरा झाकून लावला तरी चालेल.

धागालेखिका

लावले आहे. चेहरा झाकला आहे.

प्रतिसाद ४ : पदकसंग्राहक

पाहिले. पहिल्या फितीत सारख्या रुंदीचे तीन पट्टे आहेत, ती '१९३९-१९४५ तारा'. नौदल, भूदल आणि हवाईदल यांच्यासाठी गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे ते रंग असतात. दुसरी फिकट पार्श्वभूमीची, मध्ये रुंद पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना बारीक रेघा, ही आफ्रिका तारा. ती फिकट पार्श्वभूमी म्हणजे वाळवंटाची वाळू. तिसरीत पाच पट्टे आहेत, ही इटली तारा. चौथी युद्धपदकाची आहे. तिच्या मधोमध असलेली बारीक रेघ स्पष्ट दिसते.

म्हणजे आफ्रिका आणि इटली हे दोन्ही तारे थोरल्या आजोबांचे, आणि बर्मा तारा व स्वातंत्र्य पदक धाकट्यांचे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. '१९३९-१९४५ तारा' आणि युद्धपदक प्रत्येकी एक दोघांनाही. नकाशाच्या पदकाबद्दल मात्र घाई करू नये. छायाचित्रात त्याची फीत नाही, हे खरे. पण इंडिया सर्व्हिस मेडलची स्थापनाच १९४६ मध्ये झाली. युद्धपदकाची स्थापना ऑगस्ट १९४५ मधील. तेव्हा हे छायाचित्र त्या दोन्हींच्या मधल्या काळात काढलेले असणे अगदी शक्य आहे आणि तसे असेल तर नकाशाचे पदक थोरल्यांनाही नंतर मिळालेले असू शकते. जे सिद्ध झाले नाही ते कोणाच्याही नावावर टाकू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. आफ्रिका ताऱ्याच्या फितीवर ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत ठरावीक काळात असलेल्यांना '८' हा चांदीचा लहानसा आकडा लावता येई. तुमच्या छायाचित्रात आकडा नाही. म्हणजे २३ ऑक्टोबर १९४२ नंतरच्या त्या आर्मीच्या वाळवंटी मोहिमेत ते नसावेत, पण त्यापूर्वी आफ्रिकेत कोठेतरी होते.

प्रतिसाद ५ : युद्धेतिहासाचा अभ्यासक

येथून पुढचा धागा मी उचलतो. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ('पाचवी' हा त्या काळी रेजिमेंटच्याच नावाचा भाग) निरनिराळ्या पलटणी निरनिराळ्या रणक्षेत्रांवर होत्या, म्हणून 'मराठा रेजिमेंटमध्ये होते' एवढ्यावरून माणूस कोठे लढला हे कळत नाही. पलटणीचा आकडा हवा. तिसरी पलटण १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमधील एरिट्रियातील केरेनच्या लढाईत होती आणि पुढे तीच पलटण इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला ते नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या पलटणीचे. पहिली पलटण आठव्या हिंदुस्थानी डिव्हिजनमधून इटलीत होती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव हे पहिल्या पलटणीचे. दुसरी पलटण जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुक पडले तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. चौथी पलटण मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या लढाईत हवाई छत्री ब्रिगेडबरोबर होती.

आता आपल्या छायाचित्रातील जोडी पाहा : आफ्रिका आहे, आठव्या आर्मीचा आकडा नाही, आणि इटली आहे. तिसऱ्या पलटणीच्या वाटचालीशी हे नेमके जुळते. धाकट्यांचा बर्मा तारा चौथ्या पलटणीशी जुळू शकतो. परंतु जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. सैनिक एका पलटणीतून दुसऱ्या पलटणीत पाठवले जात आणि बर्मा तारा इतर अनेक तुकड्यांना मिळालेला आहे. मुलाच्या भाषणात 'केरेन' हा शब्द यावा असे मलाही वाटते, तरी कागद हाती येईपर्यंत 'बहुधा' हा शब्द त्याच्यापुढे राहू द्यावा.

शोध घेताना लेखनाची अडचण येईल. त्या काळी इंग्रजीत 'मराठा' हा शब्द मध्ये एक जादा एच आणि दोनदा टी घालून, 'महरट्टा' असा वाचला जाईल अशा रीतीने लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधल्यास अर्धी कागदपत्रे सापडतच नाहीत. नावांचे तर विचारूच नका. भरतीच्या वेळी कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, आडनावाच्या जागी कधी वडिलांचे नाव आले, कधी आडनाव गळून गेले. वर उल्लेखलेल्या जाधवांचे आडनावही इंग्रजी कागदपत्रांत एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले सापडते, तेव्हा साध्या शिपायाची काय कथा. म्हणून क्रमांक हाच खरा आधार आहे. तोही रेजिमेंटच्या नावासह लिहावा, कारण क्रमांक रेजिमेंटनिहाय असत आणि तोच आकडा दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दुसऱ्याचा असू शकतो.

लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या युद्धदैनंदिन्या आहेत. मध्यपूर्व आणि आफ्रिकेसाठी 'डब्ल्यूओ १६९', इटलीसाठी 'डब्ल्यूओ १७०' आणि बर्मासाठी 'डब्ल्यूओ १७२' या मालिका पाहाव्यात. त्यांत शिपायांची नावे क्वचित असतात, पण पलटण कोणत्या दिवशी कोणत्या टेकडीवर होती हे कळते. शौर्यपदकांच्या शिफारशी 'डब्ल्यूओ ३७३' मध्ये आहेत आणि घोषणा 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्रात. गॅझेट घरबसल्या विनामूल्य शोधता येते. घरातील शौर्याची समजूत एकदा तेथे पडताळून पाहावी. काही निघाले नाही तर तेही एक उत्तरच असते.

कोणाचे नातेवाईक युद्धात कामी आले असतील तर त्यांनी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची सूची पाहावी. केरेन, इटलीतील सांग्रो नदी आणि कॅसिनो, इम्फाळ, रंगून या ठिकाणच्या स्मारकांवरील नावे तीत आहेत. जे परत आले त्यांची नावे त्या सूचीत नसतात, त्यामुळे या धाग्यातील दोन्ही भावांसाठी ती उपयोगी नाही. तोब्रुकला कैद झालेल्यांच्या कुटुंबांसाठी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अभिलेखागाराचा मार्ग आहे.

प्रतिसाद ६ : निवृत्त अभिलेख कर्मचारी

मी रेजिमेंटच्या एका रेकॉर्ड ऑफिसात बरीच वर्षे नोकरी केली आहे, म्हणून कागदपत्रांविषयी लिहितो. शिपाई, नाईक, हवालदार यांची मूळ सेवापुस्तिका आमच्या भाषेत 'शीट रोल' म्हणून ओळखली जाते. भरतीची तारीख, गाव, वडिलांचे नाव, उंची, अंगावरील खुणा, बढत्या, शिक्षा, रजा, परदेशातील सेवा, मिळालेली पदके, सगळे तीत असते. ती मिळाली तर दुसरे काही शोधावे लागत नाही.

परंतु येथे एक कटू सत्य सांगावे लागते. ज्यांना पेन्शन मिळाली नाही अशांची कागदपत्रे नियमाने ठरलेल्या २५ वर्षांच्या मुदतीनंतर नष्ट केली जातात. युद्धासाठी भरती झालेले आणि १९४५-४६ मध्ये घरी पाठवलेले बहुसंख्य सैनिक याच वर्गात मोडतात. ताईंचे थोरले आजोबाही त्यांतच असावेत. त्यांचा शीट रोल मिळण्याची आशा फार ठेवू नये. मात्र 'लाँग रोल' नावाची मोठी नोंदवही असते आणि शीट रोल गेल्यानंतरही तिच्यातील ओळ शिल्लक राहते. ओळ म्हणजे खरोखरच एक ओळ : क्रमांक, हुद्दा, नाव, भरतीचा दिवस, सुटल्याचा दिवस आणि सुटण्याचे कारण. त्या ओळीपुढे कित्येक नातवंडांचा कंठ दाटून आलेला मी पाहिलेला आहे.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. ज्यांचे आजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलात, असतील त्यांनी खडकीला लिहावे, आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली असली तरी तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. चुकीच्या गावी पत्र पाठवून महिने घालवू नयेत. पहिले पत्र साधे, एका पानाचे असावे. क्रमांक, हुद्दा, नाव, शक्य तितकी स्पेलिंगे, गाव, तालुका, जिल्हा, अंदाजे काळ आणि आपले नाते लिहावे. मृत्यूचा दाखला व नात्याचा पुरावा जोडावा. काय हवे ते नेमके मागावे. 'आजोबांची सर्व माहिती द्यावी' असे लिहिलेल्या पत्राला उत्तर देणे कर्मचाऱ्याला कठीण जाते. 'लाँग रोलमधील नोंदीची प्रत आणि मिळालेल्या पदकांची यादी' असे लिहिलेल्या पत्राला सोपे जाते. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. पण आधी साधे पत्र लिहावे, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जरूर विचारावे. गावच्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची जुनी नोंद तेथे असू शकते. घरात पेन्शनचे जुने पुस्तक, मनिऑर्डरची पावती, सुटल्याचे प्रमाणपत्र यांपैकी काही आहे का, तेही बघावे. फौजेतील क्रमांक अशा कागदांवर हमखास असतो. धाकटे आजोबा स्वातंत्र्यानंतरही नोकरीत होते आणि त्यांच्या पत्नीला पेन्शन मिळत असेल, तर त्यांची कागदपत्रे शाबूत असण्याची शक्यता थोरल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. शोध त्यांच्यापासून सुरू करा.

प्रतिसाद ७ : माजी हवालदार

बिगुलाच्या पिनेबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही म्हणून लिहितो. बिगुल हे लाइट इन्फन्ट्रीचे चिन्ह आहे. ताई, पिनेची मागची बाजू पाहून सांगाल का? टोपीच्या बिल्ल्याला मागे दोन कड्या असतात आणि त्यांतून दुहेरी खिळ सरकवून तो टोपीला अडकवतात. साडीपिनेसारखी उघडणारी पिन असेल, तर ती वस्तू फौजेने दिलेली नाही.

धागालेखिका

काका, मागे उघडणारी पिन आहे. पण तिच्या दोन्ही अंगांना, तुम्ही म्हणता तेथेच, दोन बुटके उंचवटे आहेत, जणू काहीतरी कापून घासून काढले आहे. पिनेच्या बुडाशी डाख लावल्याचा करडा ठिपका दिसतो.

प्रतिसाद ८ : माजी हवालदार

मग तो खरा बिल्लाच आहे. कड्या कापून तेथे सोनाराकडून किंवा पलटणीतील कारागिराकडून पिन बसवून घेतली आहे. सैनिक आपला बिल्ला असा करून घरी पाठवीत. इंग्रज सैनिकांत तर बायकोला किंवा प्रेयसीला देण्यासाठी रेजिमेंटच्या चिन्हाच्या अशा पिना तयारच मिळत आणि त्यांना 'स्वीटहार्ट ब्रोच' म्हणत. तेव्हा ही पिन पदकांच्या यादीत धरू नये. ती कोणी वापरली, हे मात्र आत्यांना विचारावे.

प्रतिसाद ९ : पदकसंग्राहक

हवालदार काकांशी पूर्ण सहमत. पिना आणि बिल्ले यांबाबत लोकांची फसगत फार होते. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन किंवा आजारपणामुळे सेवेतून सुटलेल्यांना ब्रिटनमध्ये चांदीचा गोल 'वॉर बॅज' दिला जाई आणि त्याच्या मागे आकडा असे. तो आकडा बॅजचा असतो, सैनिकाचा नव्हे. तो सैनिकाचा क्रमांक समजून शोध घेणारे वर्षानुवर्षे चुकीच्या माणसामागे फिरतात. पहिल्या महायुद्धाची पदके ज्यांच्याकडे असतील त्यांना एक दिलासा आहे : त्या काळची ब्रिटिश युद्धपदके आणि विजयपदके कडेवर नावानिशी दिली गेली आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या पाठीवर नाव असते.

फिती बदलण्याविषयी. ताई, चुकीच्या ओवलेल्या फिती योग्य ताऱ्यांना लावायला हरकत नाही, पण आधीच्या स्थितीचे छायाचित्र जवळ ठेवा. फाटक्या आहेत म्हणून मूळ फिती फेकू नका; नव्या फिती विकत मिळतात, तरी जुन्या तशाच कागदात गुंडाळून ठेवा.

धागालेखिका (अडीच महिन्यांनंतर)

सर्वांना सादर नमस्कार. उशीर झाला, कारण हाती काही आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

सांगितल्याप्रमाणे शोध धाकट्या आजोबांपासून सुरू केला. स्वातंत्र्य पदकाच्या कडेवरचा क्रमांक, नावाची चार स्पेलिंगे आणि नात्याचे कागद जोडून एका पानाचे पत्र पाठवले. माहिती अधिकारापर्यंत जावे लागले नाही. उत्तरात त्यांच्या भरतीची आणि सेवेतून सुटल्याची तारीख आली, आणि पदकांच्या यादीत इंडिया सर्व्हिस मेडलचे नावही आले. म्हणजे नकाशाचे पदक त्यांचे. ते आपण आधीच थोरल्यांच्या नावावर टाकले नाही, याचे मला फार समाधान वाटले.

थोरल्यांचा शीट रोल नाही. रेकॉर्ड ऑफिसातील काकांनी लिहिले होते तसेच झाले. पण लाँग रोलमधील ओळीची प्रत आली आहे. त्यांचे नाव तीत असे लिहिले आहे की मोठ्याने वाचल्याशिवाय ते त्यांचे आहे हे कळत नाही. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी आहे आणि गावाच्या नावातील एक अक्षर गळले आहे. भरती १९४० ची, सुटका १९४६ ची. पलटणीचा आकडा नाही. गॅझेटमध्ये त्यांचे नाव मिळाले नाही, सर्व स्पेलिंगांनी शोधले. मुलाने भाषणात 'बहुधा केरेन' असेच म्हटले, आणि शौर्यपदकाचा उल्लेख केला नाही. त्याऐवजी त्याने चार फितींची ओळ फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवली.

पिनेबद्दल आत्याला विचारले. ती काही वेळ फोनवर गप्प राहिली. मग म्हणाली की आजी लग्नकार्याला जाताना लुगड्याचा पदर त्याच पिनेने खांद्यावर लावत असे आणि घरी आली की ती काढून डब्यात ठेवत असे. कोणाला ती हात लावू देत नसे.

गेल्या रविवारी मी धाकट्या आजोबांच्या नातवाकडे जाऊन आले. आमची ही पहिलीच भेट. बर्मा तारा त्याच्या स्वतःच्या निळ्या-लाल फितीत ओवून, नकाशाचे पदक, स्वातंत्र्य पदक, एक '१९३९-१९४५ तारा' आणि एक युद्धपदक, अशी पाच पदके मी त्याच्या टेबलावर कापडावर मांडली. दोन्ही युद्धपदके सारखीच असल्याने त्यांतील कोणते कोणाचे हे ठरवण्याचा काहीच उपाय नव्हता, म्हणून मी दोन्ही नेली होती आणि त्याला हवे ते उचलायला सांगितले. त्याने टॉर्च मागितला, दिवा मालवला आणि स्वातंत्र्य पदकाची कड फिरवत आपल्या आजोबांचे नाव वाचले.

प्रतिसाद १० : निवृत्त अभिलेख कर्मचारी

ताई, पत्राची प्रत आणि लाँग रोलची ओळ दोन्ही घरांत ठेवा, आणि पुढच्यांना वाचता यावे म्हणून मागच्या बाजूला पेन्सिलीने दोघांची पूर्ण नावे मराठीत लिहून ठेवा.